‘द डेड रोमँटिक्स’: भुतं दिसणाऱ्या मुलीची ही कादंबरी नेमकी कशाबद्दल आहे?

‘द डेड रोमँटिक्स’ ही अमेरिकन लेखिका ॲशली पोस्टन यांची २०२२ मध्ये प्रकाशित झालेली इंग्रजी कादंबरी. नायिका फ्लोरेन्स डे दुसऱ्या लेखिकेच्या नावाने प्रेमकथा लिहिते. तिचा स्वतःचा मात्र प्रेमावरचा विश्वास उडालाय.

साउथ कॅरोलायनातल्या एका छोट्या गावात तिच्या कुटुंबाचं फ्युनरल होम आहे, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था करण्याचा व्यवसाय. वडिलांकडून तिला आणखी एक वारसा मिळालाय: भुतं दिसण्याचा. त्यावरून चेष्टा झाल्याने तिने गाव सोडलेलं असतं.

दहा वर्षांनी वडील गेल्यावर ती परतते आणि दारात तिच्या नव्या संपादकाचंच भूत उभं दिसतं! इथून प्रेमकथा सुरू होते. पण कादंबरीचा खरा प्रश्न वेगळा आहे: भुतं दिसत असली, तरी वडिलांना निरोप देणं सोपं होतं का?