राणीछाप, राजाछाप आणि युद्धाचा रुपया

धनत्रयोदशीला आमच्या उज्जैनच्या पटणी बाजारात राणीछाप रुपया हातोहात जातो. लक्ष्मीपूजनात व्हिक्टोरिया हवीच. पंचम जॉर्जही चालवून घेतात. सहाव्या जॉर्जचा चाळीसनंतरचा रुपया पुढे केला की मात्र गिऱ्हाईक तो परत सरकवतं, "यात चांदी कमी." मी बँकेत कॅशियर होतो. जन्मभर नोटा मोजल्या, जमवले ते रुपये. आणि माझा जीव याच परत सरकवलेल्या रुपयावर.

माझ्या लेखी ते एक स्मारक नाणंच. तशी स्मरणासाठी पाडलेली चांदी माळव्यात कमी नाही. जुलै १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी इथेच, उज्जैनला, शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. पुढे इंग्रजांशी झुंज झाली, डिसेंबर १८०५ मध्ये राजघाटचा तह झाला, आणि शके १७२८ मध्ये, म्हणजे १८०६ च्या सुमारास, त्यांनी एक वेगळाच रुपया पाडला. एरवी माळव्यातल्या रुपयांवर फारसीत मोगल बादशहा शाहआलमचं नाव असे. या रुपयावर संस्कृत श्लोक आहेत, तेही नागरीत. इंद्रप्रस्थाच्या चक्रवर्तीच्या कृपेने ही मुद्रा पाडली, असं त्यात म्हटलं आहे. दिल्लीचा मान राखला आणि यशवंतरावांचं नावही पृथ्वीवर गाजवलं!

अकरा वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ रोजी, आमच्याच जिल्ह्यातल्या महिदपूरला क्षिप्रेकाठी होळकरांची फौज हरली. गादीवर अकरा वर्षांचे मल्हारराव होते. या लढाईचं चांदीचं पदक इंग्रजांनी दिलं ते १८५१ मध्ये, आणि तेही तोवर हयात असलेल्यांना. फितीवरच्या पट्टीवर इंग्रजीत महिदपूरचं नाव कोरलेलं असे.

आता माझा रुपया. जुना रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅमचा, शंभरात जवळजवळ ९२ भाग चांदीचा. जून १९४० मध्ये फ्रान्स पडला तशी इकडे लोकांनी नोटा मोडून रुपये घेतले आणि घरात दडवले. सरकारने एक रुपयाची नोट काढली आणि रुपयातली चांदी ५० टक्क्यांवर आणली. ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. खोटा रुपया पाडणं अवघड व्हावं म्हणून कडेच्या दात्यांमधून एक खाच फिरवली. माझ्याकडच्या १९४१ च्या रुपयाच्या कडेला नख लावलं की ती खाच लागते. १९३८ च्या कडेला नुसते दाते.

मग जुनी चांदी परत ओढायला सुरुवात झाली. राणीछाप ३१ मार्च १९४१ नंतर बाद, सातव्या एडवर्डचा रुपया मे १९४२ अखेर, दोन्ही जॉर्जचे पूर्ण चांदीचे मे १९४३ अखेर. तरी भागेना, म्हणून अमेरिकेकडून २२ कोटी औंसांहून जास्त चांदी उसनी आली. उसनं ते फेडायचंच! १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला, आणि निम्म्या चांदीचे रुपये गोळा करून, कलकत्त्यातल्या अलीपूरला गाळून, त्यातून निघालेली चांदी अमेरिकेला परत गेली.

श्लोकाचा रुपया आणि महिदपूरचं पदक राज्यकर्त्यांना काय मिरवायचं होतं ते सांगतात. युद्धाचा खर्च कुणाच्या खिशातून गेला, ते मात्र हा हिणकस रुपयाच सांगतो. माझ्या लेखी दुसऱ्या महायुद्धाचं हिंदुस्थानातलं खरं स्मारक नाणं हेच.

तेव्हा घरातल्या डब्यात असा एखादा रुपया असेल, तर मोडीत घालण्याआधी सन वाचा आणि कड बघा. चिंच लावून उजळवू नका. झळाळी येते, पण संग्राहकाच्या लेखी किंमत जाते. आणि कुणी १९३९ चा रुपया दाखवला, तर आधी जाणकाराकडून पारखून घ्या. तो इतका दुर्मीळ आहे की बाजारात बनावटच जास्त फिरतात.