थप्पीचा हिशेब

पेणकरपाड्यातून पूर्वेला बघितलं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो. आज भोवती इमारती आहेत, घरात गॅस आहे. पण एकेकाळी ठाणे जिल्ह्यातल्या जंगलाचं सरपण मुंबईच्या चुलीत जळत होतं. ते तोडणाऱ्याच्या पदरात काय पडलं? हा प्रश्न शाळेच्या इतिहासात नसतो. म्हणून तो आपणच विचारायचा.

आधी लाकडाचं गणित बघू, दोस्तहो. भरीव एक घनमीटर लाकूड घ्या. मीटरभर लांबीच्या फोडी करून रचलं, तर थप्पी साधारण १.४ घनमीटर भरते. तेच फूटभर तुकडे करून रचलं, तर १.२. नुसतं फेकून ढीग केला, तर २ च्या आसपास. लाकूड तेवढंच! लांब वाकड्या लाकडात पोकळ्या राहतात. आखूड तुकडे दाटून बसतात. उलट, सरळ गोल ओंडका नुसता फोडला तर थप्पी थोडी फुगते.

आता मजुराच्या बाजूनं बघा. करवत जास्त चालवली, घाम जास्त गाळला, आणि थप्पी झाली लहान! थप्पीवर मजुरी असेल तर जास्त कामाला कमी पैसा. आणि थप्पी दाबून रचायची की सैल, हे मोजणारा ठरवणार.

ही झाली मजुरीची गोष्ट. गावकीत तर मापच नव्हतं. पाटलाच्या, अंमलदाराच्या दारात लाकडं फोडायची, मयताचं सरपण वाहायचं. ही महाराची कामं. किती फोडायची? हुकूम येईल तितकी. १८७४ च्या वतन कायद्याच्या आधारानं हे चालत राहिलं. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचं बिल मांडलं. काम कोणतं ते ठरवा, मोबदला नक्की करा, ही त्यातली मागणी. म्हणजे बिनमापाच्या राबण्याला माप लावा! ते बिल तेव्हा पास झालं नाही. वतनं खालसा करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं.

ठाण्यातल्या वारल्यांनी १९४५-४६ ला हाच प्रश्न जंगलात विचारला. झेंडा किसान सभेचा होता, पण आपण हिशेब बघू. ५०० पौंड गवताला अडीच रुपये, जंगलकामाला दिवसाला सव्वा रुपया. गवत वजनावर, जंगलकाम दिवसावर. दिवसाची मजुरी ठरली की थप्पी सैल रचली का दाबून, यानं मजुराचं पोट मारलं जात नाही.

आज लाकूड नसेल. वीट असेल, खडी असेल, भंगार असेल. मजुरांच्या बैठकीला जाल तेव्हा दर किती हे मागाहून विचारा. आधी विचारा, माप कुणाचं? आणि मोजताना मजूर तिथं उभा असतो का?