घरात मराठी, काव्यात कन्नड : अंबिकातनयदत्त

गाणगापूर हे दत्तक्षेत्र आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले. या क्षेत्राचे माहात्म्य सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ मराठी घराघरांत सप्ताहाला वाचला जातो. पण तो रचणाऱ्या सरस्वती गंगाधरांची मातृभाषा कन्नड होती, याचे भान फार थोड्यांना असते. एका कानडी माणसाने मराठीला एवढा मोठा ग्रंथ दिला. त्या ऋणाची फेड म्हणावी अशी गोष्ट विसाव्या शतकात घडली. मराठी घरातला एक दत्तात्रेय कन्नडचा महाकवी झाला. तो म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे.

बेंद्र्यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडला झाला. घरात वैदिक विद्येची परंपरा होती, दारिद्र्यही होते. वडील लवकर गेले आणि मुलांचा सांभाळ आई अंबिकेने केला. पुढे कविता लिहू लागल्यावर त्यांनी नाव घेतले ते आईचेच : 'अंबिकातनयदत्त', म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ साली बी. ए. होऊन ते धारवाडला परतले आणि शिक्षक झाले. पुण्यात राहून, मराठी साहित्याच्या ऐन बहराच्या वातावरणात वावरून आलेल्या या तरुणाला मराठी कवी होणे सहज शक्य होते. पण त्यांनी कन्नडची वाट धरली.

ही वाट त्यांनी एकट्याने चालली नाही. विसाच्या दशकात धारवाडला त्यांच्याभोवती तरुण लेखकांचा 'गेळेयर गुंपु', म्हणजे मित्रमेळा, जमला. वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी, बेटगेरी कृष्णशर्मा, शं. बा. जोशी असे पुढे नावारूपाला आलेले लोक त्यात होते. कविता वाचायच्या, चर्चा करायच्या, मासिके चालवायची, नवरात्रात 'नाडहब्ब' म्हणजे नाडाचा उत्सव भरवायचा, असा हा उद्योग होता. लिहिणारा कवी आणि दुसऱ्यांना लिहिते करणारा कार्यकर्ता हे बेंद्र्यांच्या ठायी वेगळे नव्हतेच. त्यांनी नाटकेही लिहिली. 'हुच्चाटगळु' म्हणजे 'वेडे खेळ' या नावाचा त्यांचा नाट्यसंग्रह १९३५ साली आला.

त्यांची भाषा कोणती, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती पोथीतली कन्नड नव्हे. धारवाडच्या बाजारात, विहिरीवर, जात्यावर आणि गोंधळ्यांच्या तोंडी जी बोली होती, ती त्यांनी कवितेत आणली. मातृभाषा नसलेल्या भाषेची बोली इतकी मुरवून घेणे पुस्तके वाचून साधत नाही. त्यासाठी शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसावे लागते.

या प्रवासात सुख थोडे होते. 'नरबलि' या कवितेबद्दल इंग्रज सरकारने १९३२ साली त्यांना तुरुंगात टाकले आणि सुटकेनंतरही त्यांच्यावर निर्बंध होते. पोटाची विवंचना वर्षानुवर्षे राहिली. अनेक अपत्ये डोळ्यांदेखत गेली आणि ते दुःख त्यांच्या कवितेत उतरले. १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे ते सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कन्नडचे प्राध्यापक होते. आपल्या भागातील माणसे बाजाराला आणि दवाखान्याला ज्या सोलापूरला जातात, त्याच गावी हा कवी मराठी मुलुखात कन्नड शिकवत होता.

त्यांनी सोलापूर सोडले त्याच १९५६ साली, १ नोव्हेंबरला, भाषावार राज्ये झाली आणि बिदर, गुलबर्गा हे आपले जिल्हे आजच्या कर्नाटकात आले. बेंद्रे कर्नाटक एकीकरणाच्या बाजूचे होते, हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. सीमाभागातील आपल्यापैकी अनेकांना ते रुचले नाही. "मराठी असून कानडी झाले," असेही म्हटले गेले. पण हा शेरा पुरा पडत नाही. त्यांच्या घरात मराठीच राहिली. त्यांनी मराठीतही लिहिले, आणि 'संवाद' या त्यांच्या मराठी ग्रंथाला केळकर पारितोषिक मिळाले. कन्नडसाठी साहित्य अकादमी पुरस्कार १९५८ साली आला, आणि 'नाकु तंती' म्हणजे 'चार तारा' या संग्रहाला १९७३ चे ज्ञानपीठ मिळाले. एक भाषा घेतली म्हणून दुसरी टाकली, असे त्यांच्या आयुष्यात दिसत नाही.

आता आपल्या दारातला प्रश्न. जून महिना आला की भालकी, बसवकल्याण, आळंद भागातील मराठी पालक विचारतात, मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? मराठीत घातले तर नोकरीचे काय, कन्नडमध्ये घातले तर घरच्या भाषेचे काय? शेवटी पुष्कळदा दोन्ही बाजूला ठेवून मूल इंग्रजीत जाते आणि त्याला ना ज्ञानेश्वरी वाचता येते, ना बसवण्णांची वचने. बेंद्र्यांचे उदाहरण या पेचाचे तयार उत्तर देत नाही, पण एक गोष्ट दाखवते. दुसरी भाषा अंगी मुरते ती पहिली पक्की असल्यावर. घरच्या भाषेवर लाजणारे मूल शेजारची भाषाही वरवरचीच शिकते. त्याचप्रमाणे शेजारच्या भाषेचा राग धरून आपली भाषा वाढत नाही.

आपल्या मातीला हे नवे नाही. निजामी अमलात आपल्या वाडवडिलांनी शाळेत उर्दू, घरी मराठी आणि शेतावर कन्नड चालवली. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंची मराठी, कन्नड आणि हिंदी पदे एकाच ठिकाणी गायली जातात. ज्ञानेश्वरांनी तर विठ्ठलालाच कानडा म्हटले. हे धन वडिलार्जित आहे. ते सांभाळायचे की मोडून खायचे, एवढेच आपल्या हाती उरते. मुलांच्या वह्यांवर एक पान मराठीचे आणि एक कन्नडचे रोज पडावे, एवढे जरी घराघरांत झाले तरी पुष्कळ आहे.

बेंद्रे १९८१ साली ऑक्टोबरात, दिवाळीच्या दिवसांत, मुंबईत वारले. धारवाडच्या साधनकेरीतील त्यांच्या निवासस्थानी आज स्मारक आहे. सुट्टीत मुलांना घेऊन एकदा तिकडे जाऊन यावे.