पदवी, ओळख आणि बंद दार

१.
नोकरीच्या शोधात असलेल्या नव्या पदवीधराला आज 'नेटवर्किंग करा' असा सल्ला हमखास मिळतो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत हाच व्यवहार ओळख, शिफारस आणि वशिला या शब्दांनी ओळखला जाई. ओळख माणसाला कुठवर नेते आणि नेमकी कुठे थांबते, हे भीमराव रामजी आंबेडकर यांच्या नोकरीच्या शोधात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल.

२.
सुरुवात एका बागेत होते. शाळकरी भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक आणि चरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांची नजर तेथे या मुलावर गेली. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्यांचा सत्कार झाला. त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले.

३.
पुढे पैशाअभावी महाविद्यालयीन शिक्षण थांबण्याची वेळ आली. केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांची भेट घडवून आणली. महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण त्यामुळे पूर्ण होऊ शकले.

४.
शिफारस म्हणजे आपली पत दुसऱ्याला उसनी देणे. केळुसकरांजवळ धन नव्हते, सत्ताही नव्हती; परंतु त्यांच्या शब्दाला मान होता. गुणी माणूस आणि संधी यांच्यामध्ये असा एखादा मध्यस्थ उभा राहिला नाही, तर गुण बहुधा बागेतच राहतात. येथवर ही कथा ओळखीच्या सामर्थ्याची आहे.

५.
बी.ए. झाल्यावर भीमराव १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले. फेब्रुवारीत वडील रामजी यांचे निधन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी संस्थानाशी करार केला : परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षे शिष्यवृत्ती, आणि त्या बदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांना मिळाली.

६.
ओळखीची साखळी तेथेही पुढे सरकली. कोलंबियातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनच्या प्राध्यापक हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. १९१६ मध्ये भीमराव लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ च्या ऑगस्टमध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले.

७.
आता कराराप्रमाणे बडोदा. आजच्या भाषेत बोलायचे तर या उमेदवाराजवळ सर्व काही होते : परदेशी पदवी, नामांकित प्राध्यापकांची शिफारस, हाती असलेली नोकरी आणि खुद्द संस्थानाधिपतींचा आश्रय. महालेखापालांच्या कचेरीत ते उमेदवारी करू लागले. प्रश्न एवढाच उरला की राहायचे कुठे?

८.
अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला हिंदू खाणावळीत जागा नव्हती. अखेर पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. त्यांच्याच आठवणींनुसार, अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण पुढे केली. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज अद्याप निकालात निघाला नव्हता. बडोद्याच्या बागेत काही तास बसून, रात्रीच्या गाडीने ते मुंबईला निघाले.

९.
या प्रसंगाचा नोकरीच्या अंगाने विचार केला पाहिजे. महाराजांची सद्भावना खरी होती, परंतु ती राजवाड्यातून निघून धर्मशाळेच्या दारापर्यंत पोहोचली नाही. शिफारशीने नेमणूक मिळते. शेजार मिळत नाही. आणि ज्याला गावात रात्र काढता येत नाही, त्याची नेमणूक कागदावरच राहते.

१०.
मुंबईत पुन्हा शोध सुरू झाला. नवल भाथेना या पारशी मित्राच्या मदतीने काही शिकवण्या मिळाल्या. शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. सल्ल्यात चूक निघाली नव्हती.

११.
१९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये झालेली ओळख येथे कामी आली, आणि नोव्हेंबरमध्ये नेमणूक झाली. विद्यार्थ्यांनी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकली. पण प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पुन्हा तेच : दार उघडले, आतला माठ मात्र बंद.

१२.
१९२० साली साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि भाथेनांकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांच्या बळावर ते लंडनला परतले. डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये मुंबईत आले. उच्च न्यायालयात बॅरिस्टरकडे पक्षकार थेट येत नसे. काम सॉलिसिटरमार्फत मिळे. म्हणजे हा धंदाच ओळखीवर चालणारा होता, आणि त्या वर्तुळाचे दार त्यांना सहजी उघडले नाही. प्रारंभीची त्यांची वकिली बरीचशी गरिबांच्या खटल्यांवर उभी राहिली.

१३.
दरम्यान कोल्हापुरात एक वेगळी वाट दिसली होती. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला होता. बडोद्यात एका व्यक्तीवर कृपा झाली. कोल्हापुरात नियम झाला. कृपा करणारा दूर असला की ती दुबळी होते, आणि नियम कचेरीत कायम हजर असतो. मार्च १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराज आणि आंबेडकर एकाच व्यासपीठावर होते.

१४.
ज्यांना तयार वर्तुळात प्रवेश नाही, त्यांनी आपले वर्तुळ उभारावे, हे आंबेडकरांचे पुढचे पाऊल. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ मध्ये सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. वसतिगृह म्हणजे केवळ निवारा नव्हे. एकत्र शिकलेली मुले पुढे एकमेकांना सांभाळतात. बडोद्यात जी गोष्ट मिळाली नाही, तिच्यापासूनच हे काम सुरू झाले : राहण्याची जागा.

१५.
दुसरे पाऊल सत्तेत गेल्यावर पडले. जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. त्यात सरकारी नोकऱ्यांतील वाट्याचा प्रश्न होता. ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्र सरकारने सेवांमधील ८.३३ टक्के जागा अनुसूचित जातींसाठी राखून ठेवल्या. १९४६ मध्ये हे प्रमाण १२.५ टक्के झाले.

१६.
त्याच १९४६ च्या जूनमध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय मुंबईत सुरू झाले. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीतील समान संधी हा मूलभूत हक्क ठरवला, आणि मागासवर्गांसाठी जागा राखण्याची मुभाही दिली.

१७.
केळुसकर, सयाजीराव, सेलिग्मन, भाथेना, शाहू महाराज : या माणसांवाचून हा प्रवास घडला नसता. ओळखीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पण केळुसकरांच्या नजरेस एक मुलगा पडला; त्या काळी बागेपर्यंत न पोहोचलेली मुले किती असतील? ज्याला कोणी केळुसकर भेटला नाही, त्याच्या अर्जाचे काय, या प्रश्नाचे उत्तर शिफारशीजवळ नव्हते. ते वसतिगृह, महाविद्यालय आणि कायदा या तीन ठिकाणी शोधावे लागले, आणि ज्याने ते शोधले त्याला धर्मशाळेतला अकरावा दिवस ठाऊक होता.