परदेशी उंदीर कोणता, तो आवरायचा कसा? पावसाळ्याआधी हे बघून घ्या

मुंबई : अंधेरी, बोरिवली, कुर्ला तालुक्यांतल्या गावठाणांत, कोळीवाड्यांत आणि पाड्यांवर दिसणारा प्रत्येक उंदीर इथला नाही. गटारातला तपकिरी उंदीर मूळचा उत्तर चीन, मंगोलियाकडचा. जहाजांतून तो जगभरच्या बंदरांत पसरला. ‘नॉर्वे उंदीर’ हे नाव पडलं, पण नॉर्वेशी त्याचा संबंध नाही.

कसा ओळखाल?
• तपकिरी उंदीर (परदेशी) : अंग जाड, कान लहान, शेपूट अंगापेक्षा आखूड. बिळं खणतो, चांगला पोहतो.
• घरातला उंदीर (इथलाच) : सडपातळ, कान मोठे, शेपूट अंगापेक्षा लांब. माळ्यावर, छपरात चढतो.
• घूस (इथलीच) : अंगाने दांडगी, केस राठ. बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग.

धोका काय?
१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा आधी उंदीर मरत आणि मग त्यांच्या पिसवांमुळे रोग माणसांत येई. आजची मोठी भीती लेप्टोची. उंदराचं मूत्र साचलेल्या पाण्यात मिसळतं आणि पायाच्या जखमेतून जंतू शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. पाण्यातून चालल्यावर ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर लगेच दवाखाना गाठा आणि पाण्यातून चाललो होतो हे डॉक्टरांना सांगा. औषध मनाने घेऊ नका.

नुसतं मारून का भागत नाही?
मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिल्लं. पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. महापालिकेचे मूषक संहारक रात्री काठी-बॅटरी घेऊन फिरतात. पण उघड्यावर खायला मिळत राहिलं की संख्या पुन्हा भरते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने १९५० पासून हा उंदीर सीमेवरच रोखला. आपल्याकडे तो कधीच मुरलाय, त्यामुळे त्याचं खाणं आणि बिळं तोडणं हाच उपाय.

काय कराल?
• ओला कचरा झाकणाच्या डब्यात ठेवा. मासळीची घाण, कोंबड्यांचं खाद्य रात्री बाहेर नको.
• मोरीच्या तोंडाला पाव इंची लोखंडी जाळी लावा. भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवा.
• सापळा भिंतीलगत लावा. उंदीर कडेकडेने पळतो.
• विष उघड्यावर टाकू नका. मुलं, कोंबड्या, मांजरं दगावतात. विष खाल्लेला उंदीर खाऊन घुबडही मरतं.
• मेलेला उंदीर हाताने उचलू नका.
• बिळं वाढली तर वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागात तक्रार द्या. अंधेरी पूर्व के-पूर्व, बोरिवली आर-मध्य, घाटकोपर एन, मुलुंड टी वॉर्ड.

एकाच घराने बंदोबस्त केला तर उंदीर शेजारी जातो. अख्ख्या आळीने एकाच आठवड्यात हे केलं, तरच फरक दिसतो.