तेरणाकाठ आणि द्राक्षमद्याची परंपरा

धाराशिव जिल्ह्यातील माकणी ज्या तेरणेच्या काठी आहे, तिच्याच वरच्या अंगास तेर वसले आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात मद्याचा उल्लेख असून इटलीच्या मद्यास त्यात अग्रमान आहे. तगराहून मात्र तेथे कापड जाई. या नोंदीवरून मद्याची आयात सिद्ध होते, तेरणाखोऱ्यातील द्राक्षमळे नव्हेत. नाशिकच्या डोंगराळ भागातील आजचे मद्यपर्यटन तर महाराष्ट्र शासनाच्या २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर फोफावले. त्यास दोन सहस्र वर्षांची वंशावळ जोडणे म्हणजे व्यापाऱ्याच्या वखारीस शेतकऱ्याचा मळा समजणे होय.