संग्रहणी, सीलिॲक आणि रक्ताची साक्ष : एका रोगनामाचा इतिहास

१

रोगाचे नाव आणि रोग ह्या दोन भिन्न वस्तू होत. हे विधान उघड वाटते. परंतु जुन्या लेखांतील रोगनामांचा अर्थ लावताना त्याचा विसर पडतो. 'संग्रहणी' हा शब्द आढळला की त्यापुढे 'सीलिॲक रोग' असा आधुनिक पर्याय लिहून मोकळे होण्याचा मोह अभ्यासकास होतो. उलटपक्षी, ज्या रोगास आपल्या बोलीत स्वतंत्र नाव नाही, तो आपल्या मुलखात नसावाच, अशीही समजूत आढळते. ह्या दोन्ही प्रमादांचे मूळ एकच आहे : नावालाच पुरावा मानणे. सीलिॲक रोगाच्या रक्तपरीक्षेचा इतिहास ह्या दृष्टीने पाहावा आणि त्याचा खानदेशाशी, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार ह्या भागाशी, काय संबंध पोहोचतो ते तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. ग्रीक भाषेत 'कोइलिया' म्हणजे पोकळी आणि त्यावरून पोट. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत होऊन गेलेला कॅपाडोशियाचा वैद्य अरिटीअस याने दीर्घकाळ न पचलेले अन्न पडून क्षीण होत जाणाऱ्या रोग्यांस ह्याच शब्दावरून नाव दिले. मराठीत 'कोठा' हा शब्द धान्याच्या साठवणीस लागतो व पोटासही लागतो. 'कोठा जड होणे' हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. हे साम्य अर्थविकासाचे आहे, व्युत्पत्तीचे नव्हे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात 'ग्रहणी' हे अन्न धारण करणाऱ्या, अग्नीचे अधिष्ठान असलेल्या अवयवाचे नाव आहे. पुढे तेच नाव त्या अवयवाच्या विकारास मिळाले. अवयवाचे नाव विकारास लागावे, हा प्रवास दोन्ही परंपरांत समान आहे. दोन्ही नावे रोगाचे स्थान व लक्षण सांगतात. कारण सांगत नाहीत. म्हणून संग्रहणी ह्या एका नावाखाली आतड्याचा क्षय, जुनाट आमांश, उष्ण कटिबंधातील स्प्रू आणि गव्हाने होणारा विकार असे अनेक रोग सुखाने नांदू शकत होते.

२

लंडन येथील वैद्य सॅम्युएल गी यांनी १८८७ मध्ये ह्या विकारावर व्याख्यान दिले. ते पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. रोग बरा होणे असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र आहारातील नेमका कोणता पदार्थ अपायकारक, हे त्यांस उमगले नव्हते.

ह्यानंतरचा टप्पा जळगावच्या वाचकास विशेष कुतूहलाचा वाटेल. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी १९२४ मध्ये केळ्यांच्या आहाराने ह्या मुलांस गुण येतो, असे प्रसिद्ध केले. त्यांच्या पथ्यात पाव व इतर धान्ये वर्ज्य होती आणि केळी मुबलक होती. मुले सुधारली, श्रेय केळ्यास मिळाले. रावेर, यावल व सावदा ह्या भागांतील बागाईतदारांस ही वार्ता त्या काळी कळती, तर आपल्या पिकाचा त्यांस अभिमानच वाटता! परंतु गुण केळ्यात नव्हता. तो पावाच्या अभावात होता. औषध योग्य आणि उपपत्ती चुकीची, असे हे उदाहरण असून ही उपपत्ती कित्येक वर्षे टिकून राहिली.

खरे कारण हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखविले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच ते गहू वर्ज्य करून पाहत होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव दुर्मीळ झाला, तेव्हा हे रोगी सुधारले आणि पाव पुन्हा मिळू लागताच बिघडले, ह्या अनुभवाने त्यांच्या मतास बळकटी आली. १९५० मध्ये त्यांचा प्रबंध झाला. पुढे व्हान डी कामर व वाइअर्स यांच्यासमवेत त्यांनी गव्हाच्या पिठाचे घटक वेगळे करून पाहिले, तेव्हा अपाय पिष्टाने होत नसून ग्लूटेन ह्या चिवट प्रथिनाने होतो, असे निष्पन्न झाले. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक व चोथा निराळा करणाऱ्या आपल्याकडील गृहिणींस ह्या क्रियेची कल्पना सहज येईल. घरचा चीक ग्लूटेनपासून पूर्ण मुक्त असतो असे मात्र समजू नये.

३

कारण सापडले, परंतु एखाद्या रोग्यास हाच विकार आहे, हे ठरवावयाचे कसे? पॉली यांनी १९५४ मध्ये शस्त्रक्रियेत मिळालेल्या आतड्याच्या तुकड्यांत आतील सूक्ष्म अंकुर झिजलेले दाखविले. १९५६ मध्ये मार्गोट शायनर यांनी तोंडावाटे नळी घालून असा तुकडा काढण्याची रीत वर्णिली. १९६९ मध्ये युरोपातील बालरोगतज्ज्ञांनी ठरविलेल्या कसोटीप्रमाणे हा तुकडा एकदा नव्हे, तर तीनदा तपासावयाचा होता : गहू चालू असताना, गहू सोडल्यावर आणि पुन्हा दिल्यावर.

रक्तातील साक्षीचा शोध ह्याच सुमारास सुरू झाला. बाह्य पदार्थाविरुद्ध शरीर जी प्रथिने निर्माण करते, त्यांस प्रतिपिंडे म्हणतात. गव्हाच्या प्रथिनांविरुद्ध अशी प्रतिपिंडे बर्गर यांनी १९५८ मध्ये नोंदविली. परंतु ती निरोगी माणसांतही आढळत, त्यामुळे साक्ष संदिग्ध राहिली. १९७१ मध्ये शरीराच्याच तंतुमय ऊतीविरुद्धची आणि १९८३ मध्ये वॉर्सा येथील खोझेल्स्की व त्यांचे सहकारी यांनी स्नायुतंतूंच्या आवरणाविरुद्धची प्रतिपिंडे वर्णिली. ही दुसरी परीक्षा अतिशय विश्वसनीय ठरली. परंतु तीस माकडाच्या अन्ननलिकेचे काप, विशेष सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञाची नजर लागे. अखेर १९९७ मध्ये डिटेरिख, शुपान व त्यांचे सहकारी यांनी ही प्रतिपिंडे ज्या पदार्थास चिकटतात, तो ट्रान्सग्लुटामिनेज नावाचा विकर आहे, हे बर्लिन येथे शोधून काढले. तेव्हापासून साक्षीचे वर्णन न करता तिचे मोजमाप करता येऊ लागले. युरोपीय तज्ज्ञांनी २०१२ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये असे ठरविले की, मुलांत हे प्रमाण नेहमीच्या मर्यादेच्या दहापट वा अधिक असून दुसऱ्या नमुन्यातील आवरणविरोधी परीक्षेनेही त्यास दुजोरा मिळाला, तर तुकडा न काढताही निदान करावे.

ह्या बदलाचे महत्त्व जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर राहणाऱ्या कुटुंबास अधिक आहे. आतड्याचा तुकडा काढण्यास सुसज्ज रुग्णालय लागते. रक्ताचा नमुना मात्र तालुक्याच्या गावी घेऊन दूरच्या प्रयोगशाळेत पाठविता येतो.

४

भारतात ह्या रोगाचे वृत्त उत्तरेतून आले. उत्तर भारतातील मुलांविषयीचा वालिया प्रभृतींचा निबंध १९६६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून हा 'उत्तरेचा रोग' अशी समजूत रूढ झाली. रामकृष्ण व त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेवीस हजारांहून अधिक प्रौढांचे रक्त तपासले होते. प्रतिपिंडे आढळण्याचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघाले. रोगास अनुकूल असा आनुवंशिक घटक मात्र तिन्ही भागांत साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत होता. गव्हाचा रोजचा सरासरी आहार उत्तरेत ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ व दक्षिणेत २५ ग्रॅम होता. बीज सर्वत्र सारखे आणि अन्न निराळे, असा ह्या आकड्यांचा साधारण अर्थ आहे. ईशान्येच्या आकड्यांवरून मात्र केवळ गव्हाच्या प्रमाणाने सर्व उलगडा होत नाही, हेही दिसते.

ह्या पाहणीच्या तीन विभागांत पश्चिम भारत नव्हता. खानदेश तर गहू खाणारी उत्तर आणि तांदूळ खाणारी दक्षिण ह्यांच्या मधला, ज्वारी-बाजरीचा मुलूख. येथे ज्वारीची वा कळण्याची भाकरी रोजची, तर गव्हाची वरणबट्टी आणि खापरावरची पुरणपोळी पाहुण्यारावळ्यांची व सणावाराची, अशी जुनी विभागणी आहे. शिधावाटपाच्या गव्हाने व शहरी राहणीने ती पुसट होत चालली आहे. जो गहू सणाला येई तो रोजच्या ताटात आला, तर झाकलेला रोग उघड होण्याचा संभव वाढतो, असे अनुमान करणे गैर होणार नाही.

परंतु जुन्या अन्नाची सोय हीच येथे निदानास अडचणही ठरू शकते. पोट बिघडले, अंगी रक्त कमी झाले, मूल वाढेना, की घरातील वडीलधारी माणसे 'पोळी बंद करा, भाकरी द्या' असे सांगतात. मुलास बरे वाटते. पुढे काही महिन्यांनी रक्त तपासले तर प्रतिपिंडे ओसरलेली असतात आणि अहवालात 'रोग नाही' असा अर्थ वाचला जातो. गहू पुन्हा सुरू होतो व दुखणे परतते. केळ्यांच्या पथ्यात जे हास यांचे झाले, तेच येथे निराळ्या रीतीने होते : उपाय घडतो, कारण अज्ञात राहते. म्हणून गहू सोडण्यापूर्वी रक्त तपासावे, हा नियम ह्या मुलखात विशेष कटाक्षाने पाळला पाहिजे. तसेच ही परीक्षा बहुधा 'ए' वर्गाच्या प्रतिपिंडांची असते. काही व्यक्तींच्या रक्तात तो वर्गच जवळजवळ नसतो. त्याचे एकूण प्रमाण बरोबरीने मोजले नाही, तर साक्षीदाराचे मौन हाच नकार समजला जाईल.

५

इतिहासाचार्य राजवाडे यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले व १९२६ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. अस्सल कागद पाहिल्यावाचून विधान करू नये, हा त्यांनी घालून दिलेला दंडक येथल्या अभ्यासकांस नवा नाही. तोच दंडक प्रस्तुत विषयास लावला असता दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जुन्या लेखातील संग्रहणीस सीलिॲक म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. कारण त्या रोग्याचे रक्त आपल्यापुढे नाही. शब्दाचे भाषांतर 'जुनाट अतिसार' असे करून थांबावे. दुसरी, आज जो रोगी समोर आहे त्याचे रक्त उपलब्ध आहे. तेथे 'आपल्याकडे हा रोग नसतो' ह्या वाक्यास पुरावा मानण्याचाही अधिकार नाही. रक्ताची साक्षही कागदासारखीच असते. ती केव्हा घेतली, कोणत्या परिस्थितीत घेतली आणि साक्षीदार बोलू शकत होता काय, हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.